हातगुणाचे अर्थशास्त्र

२०२५ सालचा गुढीपाडवा रविवारी, ३० मार्चला आला होता. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने त्या दिवशी चार मराठी कुटुंबांना जेवावयास बोलाविले होते आणि तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आमच्या आईने, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, सर्वांना पुरेल एवढे पुरण हौसेने घातले होते. तिकडच्या संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे आपल्याकडे पहाटे तीन वाजता, माझा फोन वाजला. "दादा, आईच्या पोटात उजव्या बरगडीखाली कळा येताहेत. पाठीत फऱ्यापर्यंत जातात म्हणते. दोनदा उलटी झाली." पित्ताशयातील खड्यांचे दुखणे ज्यांच्या घरात कधी होऊन गेले आहे त्यांना हे वर्णन परिचित वाटेल. आम्हांला ते तेव्हा परिचित नव्हते. हृदयविकार असावा या भीतीने बहिणीने तिला जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले.

अमेरिकेत १९८६ साली झालेल्या एका कायद्याने तातडीच्या विभागात आलेल्या कोणाही माणसाला, त्याच्या खिशात काय आहे हे न पाहता, तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. त्याप्रमाणे आईची तपासणी झाली. हृदय ठीक होते. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेले दिसले. चार तासांनी कळा ओसरल्या, ताप नव्हता, कावीळ नव्हती. प्रकृती स्थिर झाली आणि कायद्याने घालून दिलेले कर्तव्यही तिथेच संपले. हातात कागद देऊन सांगण्यात आले की पित्ताशय काढून टाकणे इष्ट. एखादा शल्यविशारद निवडा आणि त्याची वेळ घ्या.

"निवडा" हा शब्द अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या मोठ्या ओळखीचा. गेली वीस वर्षे मी पदवीच्या वर्गाला ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याचा सिद्धांत शिकवीत आलो आहे. समवृत्ती वक्रांच्या आकृत्या काढून विवेकी ग्राहक आपले समाधान महत्तम कसे करतो, हे मी फळ्यावर शेकडो वेळा सिद्ध केले असेल. पुढचे तीन आठवडे मात्र मी, माझी बहीण आणि तिचे यजमान असे तीन सुशिक्षित, विवेकी ग्राहक अक्षरशः चाचपडत होतो.

पहिले दोन दिवस शिफारशींचे गेले. पाडव्याला जेवून गेलेल्या चार कुटुंबांनी पाच नावे सुचविली. प्रत्येक नावामागे एक कथा होती: कोणाच्या सासूबाई तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापीत होत्या, कोणाला एक टाकासुद्धा दिसत नव्हता. आपल्याकडे याला हातगुण म्हणतात. अमक्या डॉक्टरच्या हाताला यश आहे, असे आपण म्हणतो तेव्हा एका यशस्वी उदाहरणावरून आपण त्या माणसाच्या सर्व भावी कृत्यांविषयी अनुमान काढीत असतो. सातासमुद्रापलीकडे गेलेली मराठी माणसे संगणकाच्या क्षेत्रात कितीही पुढे गेली असली तरी शल्यविशारदाची निवड ती हातगुणावरच करतात, असे मला दिसून आले. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही, कारण त्या वेळी मीही पुण्यातील दोन डॉक्टर मित्रांना नेमके हेच विचारीत होतो.

या असहायतेला अर्थशास्त्रात मोठी प्रतिष्ठित परंपरा आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी ही बाजारपेठ इतर बाजारपेठांसारखी का नाही हे दाखविले. रुग्णाला आपणांस काय हवे हे विकणाऱ्याकडूनच समजून घ्यावे लागते, आणि घेतलेला माल चांगला निघेल की वाईट हे दोघांनाही आधी ठाऊक नसते. म्हणून येथे किमतीच्या जागी विश्वास काम करतो. पुढे १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन विक्रेत्याला माहीत असलेले गिऱ्हाइकाला माहीत नसेल तर काय होते, ते सांगितले. मंडईत आपण वांगे हातात घेऊन, दाबून, देठ पाहून घेतो. आणि एकदा किडके निघाले तर पुढच्या आठवड्यात गाळा बदलतो. पित्ताशय माणसाला एकच असते आणि ते एकदाच काढले जाते. या व्यवहारात चुकून शिकलेल्या ग्राहकाला ते शिक्षण पुन्हा वापरण्याची संधी नाही.

किमतीची कथा थोडक्यात सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेतील रुग्णालयांना आपले दर जाहीर करणे सक्तीचे आहे. पित्ताशय दुर्बिणीने काढण्याच्या शस्त्रक्रियेचा तेथील सांकेतिक क्रमांक ४७५६२. आमचे मेहुणे दोन रात्री जागून तो क्रमांक तीन रुग्णालयांच्या प्रचंड तक्त्यांतून शोधीत होते. हाती आलेले आकडे एकमेकांपासून दुपटी-तिपटीच्या अंतरावर होते आणि त्यांत भूलतज्ज्ञाचे शुल्क धरले आहे की नाही हे कोणत्याच तक्त्यावरून कळेना. आईच्या प्रवासी विम्यात "पूर्वीपासून असलेल्या व्याधी" वगळल्या होत्या. खडे विमानात बसल्यानंतर झाले असे कोण म्हणणार? जी मुले आपल्या आईवडिलांना परदेशी बोलावितात त्यांनी विम्याच्या कागदावरील बारीक टाइपातले हे एक कलम तिकीट काढण्यापूर्वी वाचावे.

परंतु पैशाचा प्रश्न दुय्यम होता. आम्हांला हवा होता तो चांगला शल्यविशारद, आणि माहिती प्रसिद्ध करून हा प्रश्न सोडविण्याचा जितका प्रयत्न अमेरिकेने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंची पद्धतशीर नोंद सुरू केली. १९९१ साली एका वृत्तपत्राने न्यायालयात जाऊन शल्यविशारदांची नावानिशी आकडेवारी मिळविली. हेतू उत्तमच होता. परंतु ड्रॅनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की अशा गुणपत्रिकांमुळे डॉक्टर धोक्याचे रोगी टाळू लागतात आणि अधिक आजारी असलेल्यांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. विद्यार्थ्यांच्या निकालावरून शाळेची प्रतवारी लावली की शाळा कच्ची मुले घेईनाशी होते, हे माझ्या वाचकांतील शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

२०१५ च्या जुलैमध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने सुमारे सतरा हजार शल्यविशारदांचा तक्ता प्रसिद्ध केला. आठ शस्त्रक्रिया त्यात होत्या आणि पित्ताशयाची त्यांपैकी एक. बहिणीला हा तक्ता सापडला तेव्हा तिला हायसे वाटले. मला मात्र त्याची रचना वाचून निराशा आली. एक तर तो दहा वर्षे जुना. दुसरे म्हणजे मेडिकेअर या प्रामुख्याने वृद्धांसाठी असलेल्या सरकारी विम्याच्या नोंदींवर तो आधारलेला. त्यातही रुग्णालयात दाखल झालेलेच रोगी मोजलेले, आणि अमेरिकेत पित्ताशय काढून त्याच दिवशी घरी जाणारे पुष्कळ. गुंतागुंत म्हणून मोजले ते दोनच प्रकार: रुग्णालयातील मृत्यू आणि तीस दिवसांत पुन्हा दाखल व्हावे लागणे.

याहून मोठी अडचण आकड्यांच्या स्वभावातच आहे. या शस्त्रक्रियेतील सर्वांत भयंकर अपघात म्हणजे पित्ताशयाच्या नळीऐवजी यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका कापली जाणे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण सर्वसाधारणपणे हजारात तीन ते पाच सांगितले जाते. मी एका संध्याकाळी हिशेब मांडला. समजा, एका शल्यविशारदाचे खरे प्रमाण हजारात तीन आहे आणि दुसऱ्याचे हजारात सहा, म्हणजे दुसरा दुपटीने धोकादायक. दोघेही वर्षाला शंभर पित्ताशये काढतात आणि आपण तीन वर्षांची, तीनशे शस्त्रक्रियांची नोंद तपासतो. पहिल्याची पाटी कोरी असण्याची शक्यता शेकडा ४१. दुसऱ्याची कोरी असण्याची शक्यता शेकडा १६. म्हणजे दुपटीने धोकादायक असलेल्या दर सहा शल्यविशारदांपैकी एकजण तीन वर्षांच्या नोंदीत निष्कलंक दिसेल, आणि चांगल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या नावावर एखादा डाग पडलेला असेल. सगळी माहिती जरी प्रामाणिकपणे छापली तरी गिऱ्हाइकाने त्यातून काय वाचावयाचे? हा हिशेब मी बहिणीला फोनवर समजावून सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू मला घाबरवतो आहेस की मदत करतो आहेस?" प्रश्न रास्त होता.

ज्याने अधिक शस्त्रक्रिया केल्या तो चांगला, ही दुसरी लोकमान्य कसोटी. तिच्यात तथ्य आहे, पण आपण समजतो तितके नाही. लफ्ट, बंकर आणि एन्टहोवन यांनी १९७९ साली निरनिराळ्या शस्त्रक्रियांची संख्या आणि मृत्यू यांचा संबंध तपासला, तेव्हा हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांत संख्या वाढली की मृत्यू घटतात असे स्पष्ट दिसले. पित्ताशयाच्या बाबतीत मात्र असा संबंध आढळला नाही. अर्थात ते पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांचे दिवस होते. दुर्बीण आल्यावर मूर आणि बेनेट यांनी १९९५ साली सुमारे आठ हजार आठशे शस्त्रक्रिया तपासल्या. पित्तनलिकेच्या इजांपैकी नव्वद टक्के इजा प्रत्येक शल्यविशारदाच्या पहिल्या तीस शस्त्रक्रियांत घडल्या होत्या. पहिल्या शस्त्रक्रियेत धोका शेकडा १.७ होता, तो पन्नासाव्या शस्त्रक्रियेपर्यंत शेकडा ०.१७ वर आला. तात्पर्य, नवशिका टाळावा हे खरे. पण पाचशे केलेला आणि तीन हजार केलेला यांत तीन हजारवाल्याच्या मागे धावून दोन महिने थांबण्यात शहाणपण असेलच असे नाही.

येथे थोडे विषयांतर. या दिवसांत पुण्यातील एक नातेवाईक मला वारंवार सांगत होते की आई अमेरिकेत आहे हे भाग्यच समज, तिकडचे शास्त्र पुढे गेलेले आहे. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ च्या जुलैत केली आणि दुर्बिणीने ते प्रथम काढले एरिश म्यूहे यांनी, १२ सप्टेंबर १९८५ रोजी, ब्योब्लिंगेन या जर्मन गावात. पुढच्याच वर्षी शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी ते मांडले तेव्हा त्यांच्या देशबांधवांनी त्यांची टिंगल केली; सन्मान झाला तो १९९२ मध्ये. अमेरिकेत हे तंत्र १९८८ साली सुरू झाले. आणि डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात, ही शस्त्रक्रिया केली १९९० साली. अंतर दोन वर्षांचे. परदेश म्हणजे पुढारलेले आणि आपण मागासलेले, ही समजूत निदान पित्ताशयापुरती तरी टिकणारी नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आईला एका नामांकित शल्यविशारदाकडे नेण्यात आले. फोनवरून मीही हजर होतो. तेथे रुग्णाला त्याच्या भाषेत दुभाष्या पुरविण्याची सोय असते. आईसाठी आधी हिंदी बोलणाऱ्या बाई जोडल्या गेल्या, मग दहा मिनिटांनी मराठी बोलणारे एक गृहस्थ आले. आईने सांगितले, आधी पोटात गुबारा धरल्यासारखे होते, मग कळ येते, कळ गेली की ठणका राहतो आणि रात्री पाठीत चमक मारते. गृहस्थांनी चारही शब्दांचे भाषांतर एकाच इंग्रजी शब्दाने केले. डॉक्टर मान हलवीत लिहून घेत होते. बहिणीने मध्ये पडून फरक समजावला तेव्हा त्यांनी लेखणी थांबविली आणि ठणका किती वेळ टिकतो हे नेमके विचारले. कारण कळ येऊन जाणे हे खड्याचे लक्षण, आणि ठणका टिकून राहणे हे पित्ताशयाला सूज येऊ लागल्याचे असू शकते. शल्यविशारद कसा निवडावा याचा एक निकष मला त्या क्षणी कळला. सांगितलेले पुन्हा विचारतो तो.

प्रश्नांची यादी आम्ही करून नेली होती. तिच्यातील एकच प्रश्न माझ्या मते महत्त्वाचा ठरला: आत गेल्यावर रचना स्पष्ट दिसली नाही तर तुम्ही काय करता? सेंट लुइस येथील शल्यविशारद स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली एक नियम रूढ केला. पित्ताशयाच्या तळाशी असलेला चरबीचा व पडद्यांचा भाग साफ करून, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, निःसंशय दिसेपर्यंत काहीही कापावयाचे नाही. दिसल्या नाहीत तर थांबावयाचे. पोट उघडावयाचे, अथवा पित्ताशयाचा धोक्याचा भाग तसाच ठेवून बाकीचा काढावयाचा. ज्या डॉक्टरला कधीच पोट उघडावे लागले नाही त्याचे आपल्याकडे जाहिरातीत कौतुक होते. मला आता अशा डॉक्टरची थोडी भीती वाटते. हे गृहस्थ म्हणाले, वर्षातून काही वेळा मी माघार घेतो. त्यांचे आम्हांला आवडलेले वाक्य हेच.

बहिणीच्या शेजारी केरळच्या एक परिचारिका राहतात. शस्त्रक्रियागृहात त्यांची सतरा वर्षे गेली आहेत. त्यांना विचारता त्या म्हणाल्या, परिचारिकेने "जरा थांबा" म्हटल्यावर जो चिडत नाही त्याच्याकडे जा. या सल्ल्याला इतिहासाचा आधार आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथील रुग्णालयात बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंविषयीची शंका प्रथम घेतली ती स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने. आईवडिलांना त्याचा गंधही नव्हता. २००१ च्या चौकशी अहवालाने १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील तीस ते पस्तीस बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावली असा निष्कर्ष काढला. माहिती त्या इमारतीतच होती. ती बाहेर उभ्या असलेल्या ग्राहकापर्यंत कधी पोहोचत नाही.

शस्त्रक्रिया करावीच का, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला, आणि तो आईने विचारला. ब्रिटनमधील वीस रुग्णालयांत ४३४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुंतागुंत नसलेल्या रोग्यांचे दोन गट केले होते: एकाला शस्त्रक्रियेचा मार्ग, दुसऱ्याला पथ्य आणि वेदनाशामक औषध. दीड वर्षानंतर वेदनेच्या मोजमापात दोन्ही गटांत फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातील चौथ्या हिश्श्यालाच तोवर शस्त्रक्रिया लागली. माझे मत पडले की आईने पथ्य करून परत यावे, पुण्यात पाहू. बहिणीचे म्हणणे, विमानात सोळा तासांत कळ आली तर? आम्ही दोघे भांडलो, हे लपविण्यात अर्थ नाही. आईने निकाल दिला, "मला तुमच्या दोघांच्या मध्ये ठेवू नका. तारीख घ्या." नामांकित शल्यविशारदांची पहिली मोकळी तारीख होती २ मे.

२१ एप्रिलच्या रात्री तिला पुन्हा दुखू लागले. या वेळी ठणका थांबेना आणि थंडी वाजून ताप भरला. पुन्हा तोच तातडीचा विभाग. पण आता पित्ताशय सुजलेले, त्याची भिंत जाड झालेली. निवडलेले शल्यविशारद दुसऱ्या रुग्णालयाचे होते. पाळीवर होत्या त्या एक तरुण बाई, ज्यांचे नाव आमच्या पाच शिफारशींत नव्हते, तक्त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शस्त्रक्रिया केली. अडीच तासांनी बाहेर येऊन त्यांनी बहिणीला कागदावर चित्र काढून दाखविले: खालचा भाग इतका चिकटलेला होता की नळी ओळखू येईना, म्हणून मी तिथवर गेले नाही, वरचा भाग उघडून खडे काढले, पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवला आणि एक निचऱ्याची नळी ठेवली आहे. जो एक प्रश्न आम्ही तीन आठवडे घोकला होता, त्याचे उत्तर त्यांनी न विचारता दिले. आई पाचव्या दिवशी घरी आली.

यात आमच्या चातुर्याचा भाग शून्य होता, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. पित्ताशय हे असे दुखणे आहे की निवड करावयास मिळालेला सवड असलेला ग्राहक एका रात्रीत पर्याय नसलेला रोगी होतो. त्या रात्री तिला ज्याने तारले ते निवडस्वातंत्र्य नव्हे. पाळीवर जो कोणी असेल तो एका किमान पातळीच्या खाली असू नये, ही व्यवस्था होय. तेथे ती व्यवस्था १९३७ साली स्थापन झालेले शल्यविशारदांचे परीक्षक मंडळ, प्रशिक्षणातली कडक देखरेख आणि रुग्णालयाने आपल्या अपघातांची आपणच घेतलेली साप्ताहिक झाडाझडती यांनी बनलेली आहे. रोग्यांच्या हाती गुणपत्रिका देण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे आणि ते वर्तमानपत्रांत छापून येत नाही. अमेरिकेच्या दरपत्रकांविषयी आणि विम्याविषयी माझे मत मुळीच चांगले झालेले नाही. पण ही झाडाझडती उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे खासगी रुग्णालयांचा कारभार १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली चालतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी दर्शनी भागी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे सक्तीचे केले, ते योग्यच झाले. तथापि दर आणि हक्क भिंतीवर लागले म्हणून पित्तनलिका सुरक्षित होत नाही. गेल्या वर्षी या गावात किती पित्तनलिका कापल्या गेल्या, असा प्रश्न कोणत्याही जिल्ह्यात विचारून पाहावा. उत्तर देण्याची जबाबदारी कोणावर आहे हेच कळणार नाही.

विमा कंपनीने अपेक्षेप्रमाणे नकार कळविला. रुग्णालयाशी पत्रव्यवहार करून बहिणीने बिल बरेच खाली आणले आणि आता त्याचे हप्ते चालू आहेत. त्यांतील निम्मे मी भरावेत यावर आमचे दुसरे भांडण झाले व ते मी जिंकलो. आई सप्टेंबरात परत आली. त्या तरुण बाईंचे नाव तिला उच्चारता येत नाही. ती त्यांना "ती मुलगी" म्हणते आणि त्यांनी काढून दिलेले चित्र तिने आपल्या औषधांच्या डब्यात घडी करून ठेवले आहे. नामांकित शल्यविशारदांच्या कार्यालयातून ३० एप्रिलला, आई घरी आल्यानंतर तीन दिवसांनी, फोन आला होता: २ मेची वेळ आपण नक्की येऊन पाळणार ना? बहिणीने आभार मानून ती रद्द केली.